नवसाचे मासे

वाडी, ता. मुखेड
२१ जुलै २०२५

चि. रेवणप्पास कमलाक्काचे अ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून कागदच काळा करते. दामिनी आता दोरीवरच्या उड्या मारते हे वाचून जीव भांड्यात पडला.

तुझ्या या नातीचा नवस फेडायला गेल्या श्रावणात तू बाजारातले जिवंत मासे सोडवून आणलेस आणि आमच्या महादेवाच्या बारवेत सोडलेस. ते आता हातभर झालेत. लोक कौतुकानं चुरमुरे टाकायचे. पण डासांच्या अळ्या खायला दवाखान्यानं सोडलेले गप्पी मासे बारवेत एकही उरले नाहीत. बेडूकसुद्धा दिसत नाही. पाण्यावर नुसत्या अळ्या वळवळतात आणि घरोघरी हिवताप आहे. दवाखान्यातल्या सिंधुताई म्हणाल्या की हा परदेशातून आलेला मांगूर मासा, हलेल ते खातो. सगळे काढायला हवेत. आपल्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नाही, तुला तो ओळखू येणार कसा म्हणा!

पण बारवेत कोणी उतरत नाही. ज्याचा नवस त्यानंच बोलावं, आमच्यानं न्हाई व्हायचं, असं पंच म्हणतात. लवकर कळव. माझी सून मंजुश्री पाचव्या महिन्यात आहे, मला तिची लई धास्ती वाटते.

अक्काची आठवण धरून राहा.

कमलाक्का

लातूर
३० जुलै २०२५

ती. कमलाक्कास सा. न. वि. वि.

अक्का, दुसरं काहीही माग. डॉक्टरांनी हात टेकले होते तेव्हा गळ्यातलं लिंग हातात घेऊन मी बोललो होतो, पोर वाचली तर तिच्या वयाइतके जीव सोडवीन. आता तेच मारा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? दामिनीला पुन्हा काही झालं तर?

सिंधुताईंकडून आणखी गप्पी मागून घ्या, ते भराभर वाढतात. मच्छरदाण्या पाठवतो. मंजुश्रीला जप.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.

रेवणप्पा

वाडी
२४ ऑगस्ट २०२५

चि. रेवणप्पास आशीर्वाद.

मच्छरदाण्या पोचल्या. गप्पीही सोडले होते. तुझ्या माशांनी ते संपवले, आणि आता त्यांची पिल्लं पायरीपायरीशी दिसतात. आम्ही त्यांना जेवणच वाढलं म्हणायचं.

मंजुश्रीला हिवताप झाला. नांदेडला नेलं. ती वाचली, पोटातलं गेलं. मुलगी होती.

मला तुझा राग आलाय, लपवत नाही. तू तुझ्या नातीसाठी भ्यालास, मीही माझ्याच नातीसाठी भीत होते. शेजारच्या बसवराजची सूनही दिवसांत आहे. अजूनही सगळे तुझ्या शब्दासाठी थांबलेत.

यापुढे लिहवत नाही.

कमलाक्का

लातूर
२८ ऑगस्ट २०२५

ती. कमलाक्कास सा. न. वि. वि.

रविवारच्या गाडीनं येतो. पाणी उपसायला मोटार लावून ठेवायला सांग. सिंधुताईंनाही बोलाव, एकही पिल्लू राहायला नको. पंचांना सांग, पहिला रेवणप्पाच उतरणार. मासा हातात कसा धरतात हेही मला ठाऊक नाही, पण धरीन.

दामिनी मंजुश्रीकाकूच्या बाळासाठी टोपरं विणत होती, ते हातात घेऊन विचारते की आजोबा, हे न्यायचं ना.

लोभ मागायला माझं तोंड उरलं नाही. दार तेवढं उघड.

रेवणप्पा