डबा मिळाला, तू बस

प्रिय मिलिंद,

वर्षभर तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या फोटोला हारसुद्धा घातला नाही. घरी येणाऱ्यांना वाटायचं, बिचारीला सहन होत नाही. सहन कसलं होत नाही! मी चिडले होते तुझ्यावर. पण काल आपली इरा पामर्स्टन नॉर्थहून गाडी चालवत आली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या असं काही बोलून गेली, की आता तुला लिहिल्यावाचून सुटका नाही.

जपान तुझं खूळ. मला पुण्याला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. पण तू ऑकलंडला पेनरोजच्या त्या गोदामात जन्मभर माल वाहणारे बंद पडलेले पट्टे दुरुस्त करत बसलेला, तुला एकदा तरी वेळेवर चालणारं काहीतरी डोळ्यांनी बघायचं होतं. क्योटो, नारा, हिमेजी, सगळं रेल्वेनं. नारामध्ये हरणानं तुझ्या हातातला नकाशा खाल्ला, तेव्हा तू किती हसलास! मी हसले नाही. मला भूक लागली होती. जे उघडावं त्यात मासा, आणि माझ्या पिशवीत घरून, रॉस्किलहून आणलेल्या वाळक्या दशम्या.

हिमेजीच्या किल्ल्यात ते उभे लाकडी जिने. प्रत्येक मजल्यावर तू थांबायचास. "फोटो काढतो गं," म्हणायचास. नंतर मी तुझ्या फोनमध्ये पाहिलं, एकही फोटो नव्हता. दिवसभर औषधांच्या दुकानात लोकांना छातीच्या गोळ्या समजावून देणारी बायको शेजारी उभी, आणि तिलाच सांगायचं नाही? कुणाला सांगणार होतास मग?

स्टेशनवर मी बाकावर टेकले. आपलं जनरलचं तिकीट. "पुढे जाऊन बघतो कुठे काय मिळतंय," म्हणालास आणि गर्दीत शिरलास. गाडी आली. तेवढ्यात तुझा मेसेज: डबा मिळाला. तू बस. आलोच.

मी बसले. दोन्ही बॅगा ओढत समोरच्या दारातून आत चढले आणि बसले. गाडी सुटली. आता येशील, मग येशील. शेवटी उठून टोकापासून टोकापर्यंत सगळे डबे पालथे घातले. लोकांना वाटलं असेल, बाईचं काही हरवलंय. फोन वाजत होता, तू उचलत नव्हतास.

क्योटोला उतरून मी स्टेशनच्या माणसांना तुझा फोटो दाखवला. त्यांनी कुठेकुठे फोन केले, आणि मग मला खुर्ची दिली. तेव्हाच मला कळलं. हिमेजीला परत आले तेव्हा तू पांढऱ्या चादरीखाली होतास. प्लॅटफॉर्मवरच कोसळलास म्हणे. माझी गाडी सुटल्या सुटल्याच.

प्लॅटफॉर्मवर? म्हणजे तू चढून परत उतरला होतास! तुझी सवय मला ठाऊक नाही का? लग्नानंतर काशीला जाताना भुसावळला केळी घ्यायला उतरलास आणि धावत्या गाडीच्या मागून पळत आलास. मी तेव्हाच बजावलं होतं, परत मला गाडीत एकटीला टाकून उतरायचं नाही. मग हिमेजीला काय बघायला उतरलास रे? कसला फोटो? माझ्या हातात हात असता तर वाचला असतास असं नाही, पण अनोळखी माणसांच्या बुटांकडे बघत तरी गेला नसतास.

स्टेशनवरचा एक वयस्कर अधिकारी दवाखान्यात भेटायला आला होता. त्यानं कमरेत वाकून माफी मागितली, हातांनी हवेत एक चौकोन काढला आणि दोन बोटं दाखवली. मला वाटलं, बॅगांचं विचारतोय. मी म्हटलं, "येस, टू बॅग्ज, आय हॅव." त्यानं मान हलवली, पुन्हा चौकोन काढला, पुन्हा वाकला. मी तोंड फिरवलं.

इरा पोचल्यावर तिथेच दहन केलं. तिथे अस्थी हातानं सावडत नाहीत, मिलिंद. चॉपस्टिक देतात. मला चॉपस्टिक धरता येत नाहीत म्हणून तू चारचौघांत चिडवायचास ना? मी त्याच चॉपस्टिकनी उचललं तुला. इरा खालून माझं मनगट धरून होती.

ऑकलंडला परतल्यावर दहाव्याला समुद्रावर भाताचा पिंड ठेवला. इथे कावळे कुठले! सीगल आले आणि क्षणात सगळं चाटूनपुसून खाऊन गेले. ते कुणाचंही खातात. तुझं काही राहिलंय का, हे मला कसं कळणार? म्हणून मी कलश परत घरी आणला. म्हटलं, का उतरलास ते सांगत नाहीस तोवर मीही तुला सोडत नाही. वर्ष झालं, तू कपाटात आहेस.

काल इरा म्हणाली, "आई, इनफ. आता बाबाला सोडूया." मी तिच्यापुढे फोनवरचा तुझा तो मेसेज धरला. "हे वाच. मला गाडीत बसवून हा माणूस खाली उतरला. का, ते आधी कळू दे." तिनं अक्षरं लावत वाचलं.

"ही गॉट लंच, आई."

"काय?"

"डबा. डबा मीन्स लंच, राइट? तू मला रोज द्यायचीस तो. ही गॉट द डबा. आणि तू बस, लाइक, बसून राहा. आय ॲम कमिंग."

मिलिंद, इथे जन्मलेल्या पोरीला डब्याचा दुसरा अर्थच माहीत नाही! गाडीच्या डब्याला ती कॅरेज म्हणते. माझ्या मराठीला दोन्ही अर्थ येतात, म्हणून मी चुकीचा धरला. तू गाडीत चढलाच नव्हतास. त्या दिवशी सकाळी तू म्हणाला होतास, "आज तुला मासा नसलेला काहीतरी शोधून देतोच." तसा डबा मिळाला होता तुला. मी बाकावर बसलेय असं समजून तू माझ्याकडे येत होतास.

आणि तो म्हातारा अधिकारी चौकोन काढत होता. दोन. दोन डबे होते तुझ्या हातात! खाण्याचं म्हणून त्यांना टाकून द्यावं लागलं असेल, त्याचीच तो माफी मागत होता, आणि मी त्याला बॅगा सांगत होते.

तू आलास तेव्हा बाक रिकामा दिसला असेल का रे? की त्याआधीच पडलास? हे मला आता कुणीच सांगणार नाही. काल मी गॅस बंद करून जमिनीवर बसले आणि तू गेल्यावर पहिल्यांदा तुझ्यासाठी रडले. आत्तापर्यंत रडले ते रागानं. पण 'जेवण' एवढा साधा शब्द नव्हता का रे तुझ्याकडे?

शनिवारी तुला घेऊन मनुकाऊच्या खाडीवर जाणार आहोत. दोन डबे करीन, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. एक तुझा. सीगलनी नेला तर नेऊ दे. इरा पाण्यात उतरून तुला सोडेल. मी काठावरच्या बाकावर बसेन, आणि तुला वचन देते, कुठलीही गाडी येवो, या वेळी मी उठणार नाही.

तुझीच,
वैशाली