किटलीचं झाकण

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, कॉव्हेंट्री

आईबाबा नागपूरहून येऊन महिना होत आला. आई गुडघ्यामुळे घरीच थांबली, म्हणून आज बाबांना एकटीच बर्मिंगहॅमच्या चायनाटाउनमध्ये घेऊन गेले. त्यांच्या आवडत्या कँटनीज रेस्टॉरंटमध्ये. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की न सांगता चहा भरून देतात, हे गेल्या वर्षी तिथेच त्यांनी मला दाखवलं होतं. केवढे खूश होते!

आज मी झाकण तिरकं ठेवलं. त्यांनी लगेच बंद केलं. "चहा थंडा होऊन जाईल ना."

गंमत करतायत असं वाटलं. मी पुन्हा तिरकं ठेवलं, त्यांनी पुन्हा बंद केलं.

"बाबा, तुम्हीच नाही का शिकवलंत?"

ते हसले. अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं. "आपण इथे आधी आलोय?"

दमले असतील. वयच आहे. पण ते झाकण... इतकं कसं विसरतं कोणी?

घरी आल्यावर किचनमध्ये आईला हळूच सांगितलं. ती हसण्यावारी नेईल अशी आशा होती. दुधावर झाकण ठेवता ठेवता तिचा हात थांबला.

"म्हणजे तुलाही दिसलं," ती म्हणाली.