आईच्या पासपोर्टची बांधणी

दि. ३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू आणि वहिनी परत बोटीवर गेलात आणि मी घरी येऊन आई-अण्णांसाठी घातलेला बिछाना काढला. बंदरावर चारचौघांत गप्प बसले, आता पत्रात बोलते.

बोट आमच्या बंदरात एक दिवस थांबते, म्हणून तर हा प्रवास ठरला होता. इथे राहण्याच्या परवान्याचा निकाल लागेपर्यंत मला हा देश सोडता येत नाही; सोडला तर परत दारं बंद. आणि आईची नजर दिवसेंदिवस जाते आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, आहे तोवर काय ते पाहून घ्या. माझी पोर तिने फोटोतच पाहिली आहे. लांबूनही आजीला दिसावी म्हणून पोरगी लाल टोपी घालून धक्क्यावर उभी होती. शिडीवरून उतरलास तू, मागून वहिनी. आई-अण्णा कुठे विचारलं, तर म्हणालास, कागदांत घोळ झाला, सावकाश सांगतो. ते सावकाश दिवसभरात काही उगवलं नाही. जेवलास मात्र पोटभर. वहिनींनी बाजारही पालथा घातला.

काय झालं ते सरळ लिही. आईला मागे सोडून तुझा पाय बोटीवर पडला कसा, तेही लिही.

पोर अजून टोपी काढत नाहीये. लोभ वाढवायचा की आहे तेवढ्यावर भागवायचं, ते तुझ्या उत्तरावर.

चिमी

दि. १५ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिभेला लहानपणापासून हाड नाही, त्यामुळे राग मानत नाही.

झालं ते असं. आईच्या पासपोर्टची पानं सुटायला आली होती. अण्णांनी जन्मभर पुस्तकं बांधली, त्यांना ते बघवेना. त्यांनी सगळा पासपोर्ट उसवला, नव्या दोऱ्याने शिवला, कडा कापून सारख्या केल्या, वर कापडी पाठ चढवली. बंदरावरच्या अधिकारीबाईंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, हा उघडून पुन्हा शिवलाय, आता हा चालणार नाही. अण्णा उलट त्यांना कौतुकाने टाके दाखवायला लागले, बघा, कुठे गाठ दिसत नाही म्हणून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दोष कोणाचा, तूच ठरव. बोट कंपनीने तिकिटासोबत ठळक लिहिलं होतं की फाटका किंवा दुरुस्त केलेला पासपोर्ट चालणार नाही, आणि कागदपत्रांची जबाबदारी ज्या त्या प्रवाशाची. मी ते वाचलं होतं. घरात बजावलंही होतं, आपापलं बघा. आमचे दोघांचे पासपोर्ट मी एजंटकडून तपासून घेतले. अण्णांनी आईचा मला आणून दाखवला होता. मी ऑफिसला निघालो होतो, छान झालाय म्हटलं. म्हातारा माणूस हौसेने दाखवतोय, तिथे आणखी काय बोलणार?

बोट सुटायची वेळ झाली, तेव्हा आईच म्हणाली, तू जा. अण्णांचे कागद चोख होते, ते हट्टाने मागे राहिले. चौघांचा प्रवास बुडवून कोणाचं भलं झालं असतं?

आईच्या नव्या पासपोर्टचा अर्ज मी स्वतः भरून दिला आहे. राग निवळला की लिही.

तुझा दादा

दि. ९ ऑगस्ट

चि. चिमीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर अण्णांचं, बोलणं माझं. मधलं काही गाळतील, म्हणून शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून परत वाचून घेणार आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

दादाने काय लिहिलं ते तू कळवलंस. खोटं त्यात काही नाही. मी जा म्हणाले, हेही खरं. आई दुसरं काय म्हणणार? पण त्याने एकदा तरी नाही म्हणावं, याची मी वाट बघत होते. त्याने माझ्या हातातला त्याचा कोट घेतला आणि गेला. ज्याची जबाबदारी त्याने घ्यावी, बरोबरच आहे. त्याच्या शाळेपासून नोकरीपर्यंत एकेक कागद उराशी धरून मी रांगांत उभी राहिले, तेव्हा हा नियम मला कोणी सांगितला नाही.

अण्णांना बोल लावू नकोस. तुझ्या दारात मी फाटके कागद घेऊन येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या दिवसापासून त्यांनी सुईला हात लावलेला नाही, गिऱ्हाइकं दारातून परत जातात. हे ते लिहायला तयार नव्हते, मी लिहायला लावलंय.

नवा पासपोर्ट काल आला. अण्णा म्हणाले, फोटो चांगला आहे. म्हटलं, तुम्ही म्हणता तर असेल. खिडकी कुठल्या बाजूला आहे, एवढं अजून कळतं. बाकी काही दिसत नाही. पानांवरून बोट फिरवून पाहिलं. शिलाई मशीनची आहे, यांच्या हाताची सर नाही.

परत बोटीने ये म्हणतेस. बघू. आले, तर पोरीला टोपी घालू नकोस. नुसती हाक मारायला सांग.

दोघींना माया. दादावरही आहे, पण त्याला कळवू नकोस.

तुझी आई