अक्राची कमान आणि आमचा दगड

अणदूर, १२ जानेवारी १९६२

छावणीतल्या सोबत्यांनो, निजामाशी आपण लढलो, पण गावात त्याची खूण म्हणून एक दगडही उभा नाही! उद्याच्या सभेत अशीच सुरुवात करणार होतो. पण आज दत्तूमास्तर भेटला, शिष्टमंडळातून घानाच्या राजधानीला, अक्राला जाऊन आलेला. स्वातंत्र्याच्या कमानीखाली उभा राहिला म्हणे. जळलो. आपण अठ्ठेचाळीस साली निजामाकडून सुटलो, त्यानंतर नऊ वर्षांनी सुटलेला देश, आणि त्यांची एवढी कमान?

"कमानीवर पहिलं नाव कुणाचं?" मी विचारलं.

"एकबी नाव न्हाय, अण्णा. स्वातंत्र्य, न्याय आन साल, बस्स. तुमचं तिथं लई अवघड झालं असतं!"

खरं आहे. आपला दगड पाथरवटाकडे तीन वर्षं पडलाय तो माझ्याच हट्टापायी. यादीत पहिलं नाव माझं हवं होतं. सोबत्यांनो, उद्या पाथरवटाकडे चला आणि दगडावर नुसतं साल कोरून घ्या.