झाकणावरची दोन अक्षरं

विनिपेग, १२ फेब्रुवारी

प्रिय वॉल्टर,

गुडघा काय म्हणतोय? बर्फाला भोक पाडून मासे मिळतात, की नुसतेच गारठून घरी येता? इथे उणे एकतीस आहे. माझी गाडी रोज सकाळी रुसते.

सोबत तुमची बरणी पाठवतेय. गेल्या मार्चमध्ये तिच्यातून बीटाचं सूप आणलं होतंत. बरणी रिकामी परत करायची नाही हे तुमच्या आईचं शास्त्र, म्हणून बेरीचा जॅम भरलाय.

ते सूप फक्त मलाच का, हे परवा कळलं.

प्रयोगशाळेतला फ्रीझर साफ करताना मार्चमधली चार नंबरची नळी सापडली. प्रयोगाला लागणारं रक्त आम्ही आपलंच द्यायचो, ते काढून नळ्या भरायचं काम तुमचं, आणि दाता क्रमांक चार म्हणजे मी. बाकीच्यांच्या रक्तातल्या, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींत फ्लूचा विषाणू वाढला, माझ्या पेशींनी मात्र त्याला वाढूच दिलं नाही. काय नाचले होते मी! जूनमध्ये पुन्हा करून पाहिलं, तर माझ्याही पेशी इतरांसारख्याच. "वॉल्टरनी नळ्यांची अदलाबदल केली असणार, वय झालं त्यांचं," असं मी सगळ्यांदेखत बोलले. जूनचा प्रयोग बाद धरला आणि मार्चचा लेख छापायला धाडला. तुम्ही "असेल हो पोरी" एवढंच म्हणालात आणि महिन्याभरात निवृत्त झालात.

त्या नळीच्या झाकणावर तुमचं बारीक अक्षर आहे: "४ – शिंकली."

सर्दी असेल तर दहा दिवस रक्त द्यायचं नाही, हा नियम भिंतीवर मीच चिकटवलेला. पण मार्चमध्ये मला दम धरवेना, म्हणून ताप लपवला. काल नळीतला द्रव तपासला. माझ्या पेशी आधीच्याच फ्लूने खडबडून जाग्या झालेल्या होत्या, नवा विषाणू वाढणार कसा? तुमचा हात कुठेही चुकला नव्हता, वॉल्टर. चुकले मी, आणि खोटंही मीच बोलले.

तुम्हाला ठाऊक होतं. तरी चारचौघांत माझी मान खाली जाऊ दिली नाहीत, आणि खरं तेही लिहून ठेवलंत. तुमचे उपकार कसे फेडू? मला फार लाज वाटते हो.

आज बैठकीत नळी टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. लेख मागे घेतला. मिरियम म्हणाली, "आता त्या म्हाताऱ्याला तोंड कसं दाखवणार तू?" म्हटलं, शनिवारी तळ्यावर जाऊनच दाखवते. पत्र आधी पाठवतेय, कारण समोर आले तर तुम्ही मला बोलूच देणार नाही.

बर्फातल्या भोकापाशी एक जादा स्टूल ठेवा. नको वाटलं तर ठेवू नका, जॅम मात्र खा.

तुमची ऋणी,
दाता क्रमांक चार,
ग्रेटा