शॉवरच्या नळाचे चार रविवार

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, कारण गेल्या खेपेला विचारलं तर चार पानं आली. वहिनीची तब्येत विचारते, ती एका ओळीत सांगते. इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे छप्पर जागेवर आहे, मी जागेवर आहे, पाणी तेवढं जागेवर नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी तू तुझ्या दुकानातून शॉवरचा नळ पाठवलास आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘जन्माला पुरेल’ असं लिहिलंस, तो नळ गळतोय. (कुणाच्या जन्माला, ते तेव्हा विचारायचं राहून गेलं. ह्यांच्या जन्माला पुरला. हे गेले आणि पुढच्याच महिन्यात ठिबकायला लागला. म्हणजे तुझ्या दुकानाचा शब्द खोटा नाही, तेव्हा तक्रार नाही.) मी खाली बादली ठेवली आणि दहा महिने त्यात कपडे भिजवले. पण गेल्या महिन्यात धार लागली, आणि ती माझ्या थोरल्याच्या नजरेला पडली. इथून पुढे नळाचे हाल सुरू झाले.

थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नाहीत हे तुला ठाऊक आहे. ह्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी धाकट्याने थोरल्याला अर्धा तास उशिरा फोन केला, आणि सगळं आटोपल्यावर थोरला घरभर माणसांसमोर म्हणाला, वेळेवर कळवलं असतं तर बाबा वाचले असते. डॉक्टर म्हणाले होते, अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो, ते बिचारे नुसते शिकलेले. तेव्हापासून अकरा महिने थोरला दोन गल्ल्या पलीकडून दर रविवारी मला भेटायला येतो, आणि तो आला की माझ्याजवळ राहणारा धाकटा गच्चीवर जातो. जिन्यात गाठ पडलीच तर निरोप माझ्यामार्फत. “आई, त्याला सांग, विजेचं बिल भरलंय.” “आई, त्याला सांग, कळलं.” दोघांमध्ये अंतर दोन पायऱ्यांचं. एवढी टपालं मी सरकारी नोकरीत पोचवली असती तर आज पेन्शन खात बसले असते.

तर पहिल्या रविवारी थोरल्याने पाना घेतला आणि दहा मिनिटांचं काम आहे म्हणाला. (या घरातल्या पुरुषांनी हातात घेतलेलं प्रत्येक काम दहा मिनिटांचंच असतं. ह्यांचा माळाही दहा मिनिटांचाच होता, तीन वर्षं चालला.) टाकीचं पाणी बंद न करताच त्याने नळाचं डोकं काढलं. पाणी थेट छताला. चष्मा बादलीत गेला आणि माणूस भिंतीला चिकटला. वॉल्व्ह गच्चीवर, आणि गच्चीवर धाकटा. आतून आवाज आला, “आई, त्याला सांग, बंद कर.” मी अंगणात जाऊन वर सांगितलं. वरून आलं, “आई, त्याला विचार, कुठला?” मी आत जाऊन विचारलं. अशा तीन फेऱ्या झाल्यावर मी म्हटलं, माझा घसा बसला. (घसा ठणठणीत होता.) मग थोरला मोरीच्या खिडकीतून स्वतःच ओरडला, “अरे, डावीकडचा.” वरून उत्तर आलं, “माझ्या डावीकडचा की तुझ्या?” अकरा महिन्यांनी दोघं भाऊ एकमेकांशी बोलले ते हे. आणि धाकट्याने स्वयंपाकघराचं पाणी बंद केलं.

दुसऱ्या रविवारी थोरल्याने नळाला इतकी टेप गुंडाळली, की पाय मोडलेल्या माणसालाही एवढं बँडेज बांधत नसतील. नळ टेपमधून गळू लागला. तिसऱ्या रविवारी धाकट्याने मोबाइलवरचा व्हिडिओ आणला. त्यातल्या बाईने पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चार मिनिटांत नळ दुरुस्त केला. याने दोन फरश्या फोडल्या. ह्यांनी स्वतः बसवलेल्या चार ओळींतल्या होत्या त्या, त्या ओळींत एक फरशी वाकडी. वाकडी तेवढी शाबूत राहिली. फुटक्यांचे तुकडे मी धुऊन ठेवलेत, टाकवले नाहीत. दरम्यान मी वाचनालयातून घरच्या दुरुस्त्यांचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात सरळ लिहिलंय, आतला स्पिंडल, म्हणजे पाणी उघडबंद करणारा पितळी दांडा, झिजला की नळ गळतो, तो बदलावा. मी हे सांगितलं तर दोघं एका सुरात म्हणाले, “आई, पुस्तकातलं वेगळं असतं.” (एकमत झालं, हेही नसे थोडके.) चौथी शिकलेल्या बाईने पान वाचलं म्हणजे ते कोरंच राहतं, दुसरं काय.

परवाच्या, म्हणजे चौथ्या रविवारी दोघं पालथ्या बादल्यांवर समोरासमोर बसले होते. मी दोन कप चहा घेऊन दाराबाहेर उभी. थोरला म्हणाला, “बाबांनी सुतळी गुंडाळली असती.” धाकटा म्हणाला, “आणि गळायचं थांबलं असतं.” “आणि वर आपल्यालाच बोलले असते.” नळ ठिबकत होता. मग धाकटा म्हणाला, “त्या दिवशी मी फोन…” आणि थोरला घाईघाईने म्हणाला, “पाना दे.” त्याने दिला. तेवढ्यावर राहिलं. चहा निवला, मी पुन्हा तापवला.

बाकी क्षेम आहे. मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
गळक्या घरातली बहीण

ता. क. खरं कामाचं आता लिहिते. फोनवर सांगता येत नाही, धाकटा शेजारच्या खोलीत असतो. अखेर दोघांना पटलंय की स्पिंडल बदलायला हवा (पुस्तकातला नव्हे, व्हिडिओतला). थोरला या आठवड्यात बसने तुझ्या दुकानात येईल. त्याला सांग, या मापाचा आता येत नाही, मागवावा लागेल, तीन आठवडे धर. मामा नाही म्हणाला म्हणजे जगात नाही, अशी दोघांची समजूत आहे. तिचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

ता. क. २. असला स्पिंडल बाजारात ढीगभर मिळतो हे मला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या प्लंबरने बुधवारी आणून दिला, आणि बसवायलाही निघाला होता. मी त्याला हात लावू दिला नाही. स्पिंडल पिठाच्या डब्यात तळाशी आहे. पितळ पिठात किती दिवस राहिलेलं चालतं, ते वहिनीकडून एका ओळीत कळव.

ता. क. ३. थोरला एकटा आला तर वर लिहिल्याप्रमाणे खोटं बोल. पण दोघं एकाच बसमधून उतरले, तर खोटं बोलू नकोस. मागतील तो स्पिंडल काढून दे. माझ्याकडे मग एक जास्तीचा पडून राहील. राहू दे.