जाळीमागच्या गारा

४ जून १७२८

वाजवलं! वादळ मी वाजवलं!

ओर्सोला तापाने फणफणलेली. सकाळी प्रुदेन्झाबाईंनी — आमच्या वाद्यवृंदाच्या बाई — 'वादळ' या रचनेचे तिचे व्हायोलिनचे कागद माझ्या हातात कोंबले. "मेनेगीना, आज एकल तू. बाहेर चकार शब्द नको. लोक ओर्सोलाचं नाव ऐकून येतात." चर्चच्या सज्जातल्या जाळीमागे कोण वाजवतंय ते कुणाला दिसतंय! व्हेनिसला आम्ही अनाथ मुली ऐकायला हव्यात, बघायला नकोत.

आधी सुरांतला सुस्त उन्हाळा, कोकिळा, माश्यांची गुणगुण — तिथवर चुकायची भीती होती. मग गडगडाट सुरू झाला आणि भीती कुठल्या कुठे पळाली. गारा तर अशा झोडपल्या की चेलोवालीने डोळे वटारले.

चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. आवडलं की लोक खोकतात, पाय घासतात. आज नुसता खोकल्याचा कल्लोळ! एक जण मात्र खोकला नाही. बाकावर अंगठी आपटत राहिला. टक्. टक्. टक्. सगळे गेले तरी.

१५ जून

अंगठीवाला लाकडाचा व्यापारी निघाला. विधुर आहे. अनाथालयाच्या विश्वस्तांकडे मागणी घातलीय — "वादळ वाजवणारी मुलगी मला बायको म्हणून हवी." विश्वस्तांनी सांगून टाकलं, ओर्सोला!

बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "मागणी खरी तुला आहे. बोल."

लग्न करून जाणारीने शपथ घ्यायची, की पुन्हा चारचौघांत वाजवणार नाही. मी म्हटलं, "त्यापेक्षा हात तोडून घ्या."

ओर्सोलाला विचारलं तर तिने पलंगावरून उडीच मारली. "अगं, मला दे तो! जाळीचा वीट आलाय, मला खिडकी हवी! आणि त्याला काय कळतंय — व्हायोलिन ते व्हायोलिन!"

२३ जून

बेत्ता धुणं न्यायला आली. ती त्या व्यापाऱ्याच्या गल्लीतली. म्हणाली, "त्या लाकूडवाल्याला देताय पोरगी? अगं बाई! पहिली बायको गायची म्हणे. तिचा आवाज बसला. मग कालव्यातच सापडली. घसरली म्हणतात. त्याच्याच घराच्या पायऱ्या मेल्या एवढ्या निसरड्या!"

ओर्सोलाला सांगायला हवं. उद्या सांगते.

२४ जून

नाही सांगितलं. ती नवे बूट घालून नाचत होती. ती नाही म्हणाली तर बाई पुन्हा माझ्याकडे वळणार — म्हणून नाही सांगितलं. इथे कशाला खोटं लिहू!

२ जुलै

लग्न झालं. ओर्सोला गोंडोलात बसताना खिदळत होती. नवऱ्याने तिचा हात हातात घेतला आणि एकेका बोटाचं टोक चाचपून पाहिलं.

२९ जुलै

बेत्ता सांगते, त्या घरातून दिवसभर वादळ ऐकू येतं. तोच गारांचा तुकडा. मध्येच थांबतो, की परत पहिल्यापासून. शपथ चारचौघांपुरती! घरात नवरा वाजवायला लावेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ओर्सोलाच्या गारा मऊ पडतात. बाई नेहमी चिडवायच्या — "गारा आहेत गं, कापूस नाही!" त्या घरात तिला कोण काय म्हणत असेल?

११ ऑगस्ट

बेत्ता म्हणते, आता काही ऐकू येत नाही.

१४ ऑगस्ट

ओर्सोला कालव्यात सापडली. पायऱ्या निसरड्या, म्हणे.

बेत्ता काय म्हणाली होती ते बाईंना आज सांगितलं. आज! बाई पांढऱ्याफटक पडल्या. "तुला आधी माहीत होतं?" मग हळूच, "कुणाकडे बोलू नकोस." मी रडले नाही. मी तिला मारलं, असंच वाटतंय.

२५ ऑगस्ट

बाईंना विनवलं, आज वादळ नको. "विश्वस्तांचा हुकूम आहे." म्हणून गारा मुद्दाम मऊ पाडल्या, अगदी ओर्सोलासारख्या. शेवटच्या ओळीत हात ऐकेना. खऱ्या गारा पडल्या.

लोक खोकले. पाय घासले. गेले.

टक्. टक्. टक्.